दगडावरचे खळगे आणि कापसाचा कमिशनर

वर्धा जिल्ह्याच्या जमिनीला दोन रंग आहेत. नदी-ओढ्यांच्या काठाने काळी, खोल, कापसाची जमीन; आणि चढावर मुरूम, गोटे, खुरटं गवत असलेली बरड. काळीवर नांगर चालतो, बरडावर गुरं चरतात. या दुसऱ्या जमिनीवर, जिल्ह्यातल्या खैरवाड्यापासून पूर्वेकडे नागपूर जिल्ह्यातल्या टाकळघाट, रायपूर, माहुरझरी आणि जुनापाणीपर्यंत, काळ्या धोंड्यांची वर्तुळं मोठ्या संख्येने पसरली आहेत. धोंडे एकाला एक लावून गोल मांडलेले, मधली जमीन किंचित फुगलेली. त्या फुगवट्याखाली कुणाचं तरी दफन आहे, किंवा कुणाच्या तरी आठवणीला पुरलेल्या वस्तू आहेत.

नागपूरहून काटोलकडे जाताना लागणाऱ्या जुनापाणीला यांतल्या काही धोंड्यांवर आणखी एक गोष्ट दिसते. दगडाच्या अंगावर कोरलेले छोटे, गोल, उथळ खळगे. काही मोठे, काही लहान, पुष्कळदा सरळ रांगेत. वारा-पावसाने दगड असा झिजत नाही. आपल्याकडचा काळा दगड टणक असतो. त्यात असा एक खळगा पाडायचा तर दुसऱ्या दगडाने किंवा लोखंडाने ठोकत राहावं लागतं, मग घासावं लागतं. म्हणजे कुणीतरी बसून, ठरवून, जागा निवडून हे काम केलं. सुमारे अडीच हजार वर्षं ते खळगे तिथे आहेत. गुराख्यांनी ते पाहिले असतील, वाटसरू त्या धोंड्यांवर टेकले असतील. गावकऱ्यांपाशी त्याचं एक उत्तरही होतं: ही वर्तुळं गवळ्यांची, फार पूर्वी या मुलखावर राज्य करणाऱ्या गवळी राजांची. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींमध्येही लोकांचं हे सांगणं टिपलेलं आहे.

मात्र हे खळगे छापील कागदावर आले, कलकत्त्याच्या विद्वानांसमोर आणि तिथून युरोपात पोचले, ते कापसामुळे. ज्या घडामोडींनी वर्धेचं काळं रान लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधलं, त्याच घडामोडींनी बरडावरच्या दगडांकडे बघणारी माणसं इथे आणली.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना औरस वारस नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत झाला आणि लवकरच रिचर्ड टेम्पल त्याचा चीफ कमिशनर झाला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेचा तुकडा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. त्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आजचं वर्धा शहर आखलं गेलं. नव्या सरकारला मुलूख माहीत नव्हता. जमीन कुणाची, पीक कशाचं, डोंगरात कोळसा आहे का, गोंडांची भाषा कोणती, नदीला उतार कुठे, हे सगळं मोजायचं आणि लिहून काढायचं होतं. अशा मोजणीच्या काळात दगडांची वर्तुळंही वह्यांमध्ये येऊ लागली.

सरकारच्या आधी एका पाद्र्याने ती पाहिली होती. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. धर्मप्रसार हे त्याचं काम. पण त्याचं मन दगडांत रमे. नागपूरच्या आसपासचे खडक, त्यांतले जीवाश्म, गोंडांच्या बोली आणि कथा, यांच्या नोंदी तो वर्षानुवर्षं करत राहिला. शिलावर्तुळांकडेही त्याचं लक्ष लवकरच गेलं. ती त्याला शकांसारख्या मध्य आशियातून आलेल्या टोळ्यांची वाटली. त्या काळात युरोपीय अभ्यासक अशा स्मारकांचं मूळ बहुधा बाहेरूनच शोधत.

४ सप्टेंबर १८६३ या दिवशी टेम्पल आणि हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले. मुक्काम बोरीला होता, म्हणजे नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या आजच्या बुटीबोरीला. काम आटोपून बाकीचे पुढे निघाले. हिस्लॉप मिशनची शाळा तपासायला मागे थांबला आणि संध्याकाळी घोड्यावरून एकटाच परतू लागला. पावसाळ्याचे दिवस. वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. तो छावणीत पोचलाच नाही. शोध घेतल्यावर त्याचा मृतदेह पाण्यात सापडला. विदर्भाच्या पुरातत्त्वाचा पहिला अभ्यासक त्याच वर्तुळांच्या वाटेवर गेला. टेम्पलने त्याचे कागद गोळा केले आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीची त्याची टिपणं पुस्तकरूपाने छापून घेतली. प्रशासक टेम्पलविषयी पुष्कळ वेगवेगळी मतं होऊ शकतील. मात्र मित्राचं अर्धवट राहिलेलं काम त्याने वाया जाऊ दिलं नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. एप्रिल १८६१ मध्ये ते सुरू झालं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तिथून येत असे. तो अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. मुंबईत कापसाचे भाव भडकले, आणि त्या भावाची धग थेट हिंगणघाटपर्यंत आली. हिंगणघाटचा कापूस आधीपासून नावाजलेला होता. आता ते नाव इंग्लंडमधल्या दलालांच्या तोंडी बसलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. पण सरकारने आणि गिरणीमालकांनी एक धडा घेतला होता: अमेरिकेवर पुन्हा विसंबायचं नाही, वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस कायमचा आपल्या दोरीला बांधायचा. त्यासाठी मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्याकरता कॉटन कमिशनर हे नवं पद निघालं.

या पदावर हॅरी रिव्हेट-कार्नॅक आला. जन्म १८३८ चा, म्हणजे तेव्हा तिशीही न गाठलेला. वर्धा जिल्हा त्याला परका नव्हता. जिल्ह्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचं काम त्याच्याकडेच होतं आणि त्याचा अहवाल १८६७ मध्ये छापला गेला. बंदोबस्त करणारा अधिकारी गावोगाव तंबू ठोकतो, शिवार पायाखाली घालतो, पाटील-मालगुजारांशी बोलतो. काळी कुठे संपते आणि बरड कुठे सुरू होते, हे त्याला सारा ठरवण्यासाठीच कळावं लागतं. वर्तुळं बरडावर होती. ज्या जमिनीवर सारा कमी बसतो, तिच्यावरच पूर्वजांनी आपली स्मारकं मांडली होती.

कमिशनर म्हणून त्याचं काम रोखठोक होतं. चांगलं बियाणं, भेसळीला आळा, बाजाराची व्यवस्था, आणि शेतापासून बंदरापर्यंतचा रस्ता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी वर्धेवरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पूर्वी बैलांच्या पाठीवरून आठवडेच्या आठवडे वाटचाल करणारी गाठोडी आता मुंबईला आगगाडीने जाऊ लागली. रिव्हेट-कार्नॅकच्या अहवालांमध्ये एक विचार उघडपणे मांडलेला आहे: विलायती कापड रेल्वेने स्वस्तात आलं की इथे सूत काढण्यात आणि विणण्यात गुंतलेले हात मोकळे होतील आणि कापसाच्या शेतीला मिळतील. हे वाचताना आजच्या वर्धेकराला थबकायला होतं. त्याच जिल्ह्यात, सत्तर वर्षांनी, सेवाग्रामच्या झोपडीत बसून एक माणूस नेमकं उलटं सांगणार होता, की सूत काढणारे हात पुन्हा कामाला लागल्याशिवाय गावाची सुटका नाही. मोकळ्या झालेल्या हातांचं काय झालं, हे मधल्या काळातल्या कोष्ट्यांच्या आणि महारांच्या हातमागांना विचारावं लागेल. ती वेगळी आणि मोठी कहाणी आहे. पण जुनापाणीच्या खळग्यांची कहाणी तिच्यापासून तोडून सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

त्याच १८६७ साली रिव्हेट-कार्नॅकने जुनापाणीला काही वर्तुळं खणली. आतून काळी-तांबडी मडकी निघाली आणि लोखंड निघालं: कुऱ्हाडी, खंजीर, भाल्याची पाती, कडी, घोड्याच्या तोंडात घालायचे लगामाचे तुकडे. कुऱ्हाडींना दांडा आवळून धरण्यासाठी लोखंडाच्या आडव्या पट्ट्या होत्या, आणि ही तऱ्हा पुढे विदर्भातल्या अनेक वर्तुळांत पुन्हा पुन्हा सापडली. वर उभ्या असलेल्या धोंड्यांवरचे खळगेही त्याने टिपले, त्यांची चित्रं काढून ठेवली.

योगायोग असा, की स्कॉटलंडमध्येही त्याच वर्षी अशाच खळग्यांवर एक पुस्तक निघालं. लेखक होता एडिनबरोचा डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन. १८४७ मध्ये बाळंतिणीला क्लोरोफॉर्म देऊन वेदना हलक्या करणारा तो हाच. वैद्यकीबाहेर त्याला प्राचीन दगडांचा नाद होता. स्कॉटलंड, इंग्लंड आणि आयर्लंडमधल्या खडकांवर आणि उभ्या शिळांवर कोरलेले गोल खळगे आणि त्यांच्याभोवतीची कडी यांचा त्याने पहिला पद्धतशीर आढावा घेतला. अशा खळग्यांसाठी कप हा घरगुती शब्द रूढ होत होता. चहाचा कप तो हाच. मूळ लॅटिनमधला, पिंप किंवा पेला या अर्थाचा. भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळात संस्कृत कूप हा शब्द घालतात, आपल्या विहिरीचा, खड्ड्याचा कूप. नाव दूरच्या बेटावरून आलं खरं, पण शब्द अगदीच परका नव्हता. तेव्हापासून अभ्यासकांच्या लेखी जुनापाणीचे खळगे कपमार्क झाले.

सिम्पसनच्या पुस्तकातली चित्रं आणि नागपूरच्या धोंड्यांवरच्या खुणा यांतलं साम्य पाहून रिव्हेट-कार्नॅक चकित झाला. दहा-एक वर्षांनी, कापूस सोडून गाझीपूरला अफू खात्याचा एजंट झाल्यावरही हा विषय त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. कुमाऊंमध्ये द्वाराहाटजवळ चंडेश्वर महादेवाच्या देवळापाशी एका खडकावर त्याला असेच दोनशेहून अधिक खळगे दिसले, रांगा धरून कोरलेले. १८७७ मध्ये त्याने त्यांच्यावर बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं आणि १८७९ मध्ये जुनापाणीवरचा आपला लेख तिथेच छापला. जुनापाणीची वर्तुळं खऱ्या अर्थाने जगासमोर आली ती या लेखामुळे.

त्याचा निष्कर्ष काय होता? युरोपातले आणि हिंदुस्थानातले खळगे इतके सारखे, तर ते कोरणारेही एकाच मूळच्या लोकांचे असावेत; मध्य आशियातून निघालेल्या टोळ्यांनी एकीकडे ब्रिटनच्या आणि दुसरीकडे नागपूरच्या माळावर तेच संस्कार नेले असावेत. मोठे-लहान खळगे म्हणजे लिहिण्याचीच एखादी आदिम रीत असावी, असाही तर्क त्याने मांडला. महादेवाच्या पूजेशीही त्यांचा संबंध जोडून पाहिला.

आज यातलं फारसं काही टिकत नाही. दगडात गोल खळगा पाडणं ही इतकी सोपी खूण आहे, की ती जगात ठिकठिकाणी, हजारो वर्षांच्या अंतराने, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी केली आहे. स्कॉटलंडमधले पुष्कळ खळगे जुनापाणीपेक्षा दीड-दोन हजार वर्षांनी जुने आहेत. साम्य होतं ते आकाराचं. रक्ताचं नातं त्यातून निघत नाही. पण मला रिव्हेट-कार्नॅकच्या चुकीपेक्षा त्याची चित्रं महत्त्वाची वाटतात. तर्क मागे पडतो, नीट केलेली नोंद मागे पडत नाही. त्याने धोंड्यांवरच्या खुणा आतल्या वस्तूंइतक्याच काळजीने टिपल्या, म्हणून पुढच्यांना तिथून पुढे जाता आलं.

त्याच्या सिद्धान्ताचा एक परिणाम मात्र दीर्घकाळ जाचला. वर्तुळं परक्या टोळ्यांची, हे एकदा ठरलं की इथल्या मातीत त्यांचा धागा शोधायची गरजच वाटेना. गावकऱ्यांच्या गवळ्यांकडे दंतकथा म्हणून बघून झालं. वास्तविक त्या दंतकथेत एक शहाणपण होतं: ही गुरं राखणाऱ्यांची, इथल्याच लोकांची स्मारकं आहेत, असं ती सांगत होती.

पुढची मोठी हालचाल व्हायला स्वातंत्र्याचा सुमार उजाडावा लागला. १९४७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने कर्नाटकात ब्रह्मगिरीला उत्खनन करून दक्षिणेतल्या महापाषाण स्मारकांना, म्हणजे अशाच मोठ्या दगडांच्या दफनस्थळांना, थरांच्या आधारे कालक्रमात बसवायची वाट दाखवली. १९६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीला पुन्हा कुदळ लावली. तिथे सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. त्यांतली तीन त्यांनी शास्त्रशुद्ध खणली. एका वर्तुळात घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडं निघाली. लगाम का सापडत होते, त्याचा उलगडा झाला: हे लोक आपल्या मृतांबरोबर घोडाही पाठवत.

मग नागपूर विद्यापीठाचा काळ आला. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने विदर्भाचा माळ अक्षरशः पिंजून काढला. १९६७ मध्ये त्यांनी आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खननासाठी वर्धेजवळचं पवनार निवडलं. धाम नदीच्या काठचं हे गाव म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. १९३८ पासून तिथे विनोबांचा आश्रम होता, आणि आश्रमाच्या शेतात खणताना भरत-भेटीसारखी वाकाटककालीन शिल्पं वर आली होती. उत्खननात वाकाटकांच्याही खाली, सातवाहनांच्याही खाली, काळी-तांबडी मडकी वापरणाऱ्यांची वस्ती लागली. ज्या तऱ्हेची मडकी वर्तुळांमध्ये मृतांसोबत ठेवलेली सापडत होती, त्याच तऱ्हेची मडकी इथे राहत्या घरांच्या थरात होती.

त्यानंतर टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड, भागीमोहारी, रायपूर आणि वर्धा जिल्ह्यातलं खैरवाडा ही ठिकाणं एकामागून एक खणली गेली. ज्या टाकळघाटच्या वाटेवर हिस्लॉप बुडाला, तिथे वर्तुळांबरोबर त्या लोकांची वस्तीही सापडली. माहुरझरीला रंगीत खड्यांचे मणी करण्याचा उद्योग होता. तिथल्या दफनांत घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले, सोनंही मिळालं. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी मिळाली, इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमाराची, मातीच्या घडवलेल्या विटांची, हवा फुंकायच्या नळीसकट. आता चित्र स्पष्ट झालं. इसवीसनापूर्वी पहिल्या सहस्रकात, ढोबळ मानाने १००० ते ३०० या काळात, विदर्भात गुरं-घोडे पाळणारे, शेती करणारे, लोखंड गाळून हत्यारं घडवणारे लोक राहत होते. काळीजवळ वस्ती आणि बरडावर मृतांची जागा, अशी त्यांची मांडणी होती. वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या जमिनीची वाटणी आजही बरीचशी तशीच आहे.

आणि खळगे? त्यांचा अर्थ लावायचे प्रयत्न चालू आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीची वर्तुळं मोजून, खळगे असलेले धोंडे वर्तुळात कोणत्या दिशांना आहेत ते तपासलं. ते वाटेल तिथे नसून ठरावीक दिशांना आहेत, तेव्हा सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याशी त्यांचा संबंध असावा, असा त्यांचा कल आहे. काही अभ्यासकांना ती कुळाची किंवा मृताची खूण वाटते, काहींना विधीचा भाग. मला आकाशाचा तर्क मोहवतो, पण पटायला अजून कमी पडतो. सगळ्याच वर्तुळांना असे खळगे नाहीत, आणि एकच अर्थ साऱ्या जागांना लागू पडेल असं गृहीत धरणं हीच रिव्हेट-कार्नॅकची मूळ चूक होती. एवढं मात्र नक्की म्हणता येतं, की ज्यांच्यापाशी लोखंड होतं, मणी होते, घोडे होते, त्यांनी मृतांच्या वस्तू जमिनीखाली झाकल्या, आणि हे खळगे मात्र उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे ठेवले.

उघड्यावर असल्यामुळेच आज ते सर्वांत जास्त धोक्यात आहेत. मृतांच्या वस्तू संग्रहालयात जातात, धोंडे जागेवर राहतात. नागपूर शहर चारी दिशांनी वाढतं आहे, मुरमासाठी माळ खरवडले जातात, बरडही आता ट्रॅक्टरखाली येते आहे. जुनापाणीची वर्तुळं पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. पण गावोगावच्या माळांवरची पुष्कळशी वर्तुळं कुणाच्याच नोंदीत नाहीत. शेत साफ करताना धोंडा ढकलून बांधाला लावला, की वर्तुळ मोडतं आणि खळग्याची दिशाही हरवते. मग तो खळगा कशासाठी कोरला होता, हे कोणतंही यंत्र सांगू शकणार नाही. खैरवाड्यासारख्या गावांच्या शाळांमधून, ग्रामपंचायतींमधून आपल्या शिवारातली वर्तुळं मोजून, त्यांची छायाचित्रं आणि दिशा लिहून ठेवण्याचं काम सहज होण्यासारखं आहे. त्याला कुदळ लागत नाही, परवाना लागत नाही. १८६७ मध्ये कापसाच्या हिशेबाला आलेल्या एका अधिकाऱ्याने वही उघडून दगडावरच्या खुणा उतरवून घेतल्या होत्या. आपल्या शिवारातल्या खुणा उतरवायला आपल्याला दीडशेहून अधिक वर्षांचा उशीर झाला आहे, आणि धोंडे रोज कमी होत आहेत.